डॉलरचा भाव बर्डीच्या कॅसेटला लावू नका

जुन्या व्हिडिओ गेमचा भाव काय, असं नागपुरात विचारलं की हल्ली एकच उत्तर मिळतं. मोबाइल काढा, अमेरिकन दरतक्ता उघडा, गेमचं नाव टाका आणि आलेल्या डॉलरचे रुपये करा. संग्राहक हेच सांगतात, विकणारे हेच सांगतात, आणि ज्यांच्या माळ्यावर एखादा जुना सेट पडला आहे तेही आता हेच सांगू लागले आहेत. त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात की वस्तू तीच आहे, बाजार जगभर एकच झाला आहे, आणि तक्ता कुणाच्या मर्जीने चालत नसल्यामुळे घासाघिशीत कुणी नाडला जात नाही. याच्या पोटात आणखी दोन समजुती आहेत. तक्त्यात जे नाही त्याला किंमत नाही, म्हणून आपल्याकडच्या नकली कॅसेट हा निव्वळ कचरा. आणि विकणाऱ्याला भाव ठाऊक नसेल तर तो त्याचा दोष, घेणाऱ्याने तोंड उघडायचं कारण नाही. मला यातलं काहीच मान्य नाही.

तक्ता मोजतो काय, ते आधी पाहू. प्राइसचार्टिंगसारखे तक्ते मुख्यतः ईबेवर पार पडलेल्या सौद्यांवरून भाव काढतात. सुटी कॅसेट, डबा आणि पुस्तिकेसह पूर्ण संच, आणि सील न फोडलेला नग असे त्यांचे ठळक वर्ग. अमेरिकेतल्या घेणाऱ्यासाठी ते उपयोगाचं काम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९८५ पासून अमेरिकेत खपलेल्या राखाडी निन्टेन्डोच्या कॅसेटला ७२ पिना असतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जे सेट घरोघरी आले, ते १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांच्या कॅसेटला ६० पिना. म्हणजे ज्या ‘कॉन्ट्रा’चा भाव मोबाइलवर दाखवला जातो, ती कॅसेट आपल्या सेटमध्ये बसतसुद्धा नाही.

कॅसेटचं झाकण उघडून बघा. मूळ कॅसेटमध्ये पट्टीवर क्रमांक छापलेल्या, पाय असलेल्या चिपा दिसतात. आपल्या बहुतेक कॅसेटमध्ये पट्टीच्या मधोमध काळ्या राळेचा एक गोळा असतो आणि त्याच्याखाली उघडी चिप डकवलेली असते. टीव्हीवर दिसणारा खेळ जवळपास सारखाच, पण हातातली वस्तू निराळी. संग्राहक वस्तू घेतो, खेळ तर आज कुठेही खेळता येतो. मग एका वस्तूचा भाव दुसरीला कसा लागेल? ‘सुपर मारिओ’चं तर आणखी विचित्र. १९८५ च्या या खेळाच्या चार कोटींच्या आसपास प्रती खपल्या, आणि पुढे अमेरिकेत ‘डक हंट’सोबत एकाच कॅसेटमध्ये तो सेटबरोबर दिला जाई. म्हणून सुटी कॅसेट तिथेही स्वस्तातली. आपल्याकडे मात्र ‘९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटला केवळ पहिला खेळ मारिओ आहे म्हणून हजारांत मागितले जातात.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे झालेल्या सौद्यांची नोंदच नाही. ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम घेऊन भारतात धंदा सुरू केला, २०१७ मध्ये तो फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद पडलं. तिथे निदान सौदा किती रुपयांना तुटला ते मागाहून बघता येई. आज जुनी वस्तू ओएलएक्सवर जाहिरातीतून विकली जाते, आणि जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव. वस्तू शेवटी कितीला गेली, गेली तरी का, हे कुणालाच कळत नाही. चार हजार मागणारी एक जाहिरात महिनोन् महिने तशीच पडून राहते, आणि दुसरा विकणारा तीच पुरावा म्हणून दाखवतो. न विकल्या गेलेल्या वस्तूचा आकडा असा भाव होऊन बसतो. इथल्या झालेल्या व्यवहारांची माहिती नाही, म्हणूनच लोक अमेरिकन तक्त्याकडे धावतात, हे मला समजतं. पण इथली माहिती नाही म्हणून तिथली लागू होते, असं होत नाही.

आणि तिथला आकडा तरी किती स्थिर होता? फेब्रुवारी २०१९ मध्ये सीलबंद ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक प्रत १,००,१५० डॉलरला गेली. एप्रिल २०२१ मध्ये याच खेळाची दुसरी प्रत डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये ६,६०,००० डॉलरला. त्याच वर्षीच्या जुलैत ‘झेल्डा’ ८,७०,००० ला, आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ तब्बल १५,६०,००० डॉलरला. ऑगस्टमध्ये मारिओची आणखी एक प्रत २० लाख डॉलरवर पोचली. ‘सुपर मारिओ ६४’ हा काही दुर्मीळ खेळ नव्हे, त्याच्या प्रती कोटीच्या घरात खपल्या होत्या. या सौद्यांत किंमत लागली ती प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेल्या, श्रेणी दिलेल्या, न उघडलेल्या डब्याला. २०२२ मध्ये ही श्रेणी देणाऱ्या वाटा या कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, भाव कृत्रिमरीत्या फुगवल्याचा आरोप करून. आरोपाचा निवाडा करणं माझं काम नाही. पण त्या बातम्यांचे फोटो आपल्या घराघरांत फिरले आणि लोकांनी माळ्यावरची कॅसेट लाखाची समजून दडवून ठेवली. नागपुरात सीलबंद कॅसेट ठेवणार कोण? कॅसेट आणली की घरी पोचेपर्यंतही पोराला धीर नसे. लाखाची आशा फोल ठरली की तोच सेट रागाने कबाडीच्या गाड्यावर जातो. संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान मी असंच होताना बघितलं आहे.

आता नकलेबद्दल. आपल्या कॅसेट नकली आहेत, सबब निरुपयोगी, हे म्हणणाऱ्यांनी तो काळ आठवावा. सेगाने एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार करून मेगा ड्राइव्ह भारतात आणला. आयात शुल्क होतं ८० टक्के, ते टाळण्यासाठीच हा करार होता, आणि तरीही सेटची किंमत होती १८,००० रुपये. साध्या नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार. नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरात तो येणं शक्यच नव्हतं. आली ती नक्कल. तान्ह्या पोळ्याला मिळालेला बोजारा साठवून पोरं कॅसेट घेत, कंटाळा आला की दुकानदाराला थोडे पैसे देऊन बदलून आणत. दोन रिमोट, एक बंदूक, काळा अडॅप्टर आणि टीव्हीवर चॅनल जुळवताना चाललेली घरभराची धडपड, इथल्या मुलांच्या वाट्याला व्हिडिओ गेम आला तो या रूपात. नकला काढणाऱ्या कंपन्यांनी निन्टेन्डोचे आणि कोनामीचे हक्क डावलले, हे खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण वस्तू कशी जन्मली हा एक प्रश्न आणि ती जपावी का हा दुसरा. रशियात १९९२ मध्ये आलेला डेंडी हाही फॅमिकॉमची नक्कलच होता, आणि तिथले संग्राहक आज तो अभिमानाने शोधतात, कारण त्यांच्या पिढीचा सेट तोच. आपणच आपल्या सेटला कचरा का म्हणावं?

याहून पटणारं उदाहरण कॉइन गेमचं आहे. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आपल्याकडे त्या नावाने कुणी ओळखला नाही, त्याचं नाव ‘मुस्तफा’. हा खेळ घरच्या कुठल्याही सेटवर त्या काळी आलाच नाही, तो पार्लरमध्येच खेळावा लागे. त्याच्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असते आणि खेळ सुरू व्हायला लागणारी गुप्त किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. नकली बोर्डात ती बॅटरीच नाही. त्यामुळे मूळ बोर्ड बंद पडले तरी नक्कल चालत राहते. नक्कल म्हणजे शून्य, हा नियम इथे कसा लावणार?

जपण्याची निकड किती, तेही बघा. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत. ही स्थिती अधिकृत खेळांची, ज्यांच्या याद्या तरी आहेत. आपल्या कॅसेटची यादीही नाही. आणि तक्त्यावर विसंबणारे केवळ नकलाच नव्हे, आपले अधिकृत खेळही गमावतात. हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरिअर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० मध्ये. ‘डॉन २’ तर २०१३ मध्ये, प्लेस्टेशन २ चं उत्पादन थांबल्यानंतर. हे खेळ आपल्या बाजारासाठी काढलेले. अमेरिकन बाजार त्यांना काय भाव देतो यावरून त्यांचं मोल ठरवणं म्हणजे आपल्या घरातला कागद परक्याकडून वाचून घेणं. जुन्या सीडींच्या ढिगात यातली एखादी दिसली तर मी ती आधी उचलीन, ‘जीटीए’ नंतर.

एक भेद मात्र काटेकोर पाळला पाहिजे. तेव्हाची नक्कल वेगळी आणि आज छापून जुनी म्हणून विकली जाणारी नक्कल वेगळी. चकचकीत स्टिकर, नवंकोरं प्लॅस्टिक, पिनांवर एकदाही घासल्याची खूण नाही, आणि विकणारा सांगतो की काकांच्या काळातली आहे. गेमबॉयच्या पोकेमॉन कॅसेटमध्ये हा प्रकार सर्रास चालतो. प्लेस्टेशनच्या पहिल्या पिढीच्या मूळ सीडीची खालची बाजू काळी असते, चिप मारलेल्या सेटसाठी भाजलेल्या सीडीची बहुधा नसते. आजची नक्कल विकायला माझी हरकत नाही, ती आजची म्हणून आणि आजच्या दरात विकावी.

तिसरी समजूत मला सर्वांत जास्त टोचते. विकणाऱ्याचं अज्ञान ही घेणाऱ्याची कमाई, असं मानणारे संग्राहक आपल्या शहरात कमी नाहीत, आणि किती कमी पैशांत काय उचललं हे ते मोठ्या तोंडाने सांगतात. इथे दोन माणसांत फरक केला पाहिजे. इतवारीतला किंवा सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातला जुन्या मालाचा विक्रेता व्यापारी आहे. त्याने माल वजनावर घेतला, त्याला नफा दिसला की तो देतो, त्याच्याशी घासाघीस करण्यात अन्याय नाही. पण क्वार्टर सोडताना, घर बदलताना, दिवाळीच्या साफसफाईत ज्या काकू मुलाचा जुना सेट बाहेर काढतात आणि विचारतात, “भाऊ, याचं काही येईल का?” त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. तिथे गप्प बसून पन्नास रुपये टेकवणं ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही. तुम्हाला जे ठाऊक आहे ते आधी सांगा, मग भाव बोला. त्या तुमच्याकडून जास्त मागतील, कदाचित देणारही नाहीत. तो त्यांचा हक्क.

यावर मला सांगतात की असं वागलं तर संग्रह होणारच नाही. माझा अनुभव उलटा आहे. कबाडीला एकदा नीट समजावलं की वायर कापू नका, अडॅप्टर वेगळा करू नका, रिमोट आणि बंदूक सेटबरोबरच बांधून ठेवा, आणि ठेवलं तर भंगाराच्या किमतीपेक्षा चांगले पैसे मिळतील, की तो लक्षात ठेवतो. नाही समजावलं तर तांब्यासाठी वायर सोलली जाते आणि उरलेलं प्लॅस्टिक पोत्यात जातं. आतापर्यंत किती सेट असे गेले असतील, याचा विचार करवत नाही. एका नगावर शंभर-दोनशे वाचवणारा संग्राहक पुढच्या दहा नगांची वाट स्वतःच बंद करतो.

मग रास्त भाव काढायचा कसा? माझं उत्तर असं की वस्तू चालू स्थितीत आणायला नागपुरात काय लागतं, तिथून सुरुवात करा. आपला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जुने सेट बहुधा स्लॅबखालच्या माळ्यावर असतात. कपॅसिटर सुकतात, स्टिकरचा गोंद वितळून पसरतो, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. प्लेस्टेशनचे सुरुवातीचे नग गरम होऊन लेन्सची पट्टी वाकायची आणि लोक सेट उलटा ठेवून चालवायचे. असा नग मे महिन्यात अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय त्याचा भाव बोलूच नये. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या कॅसेटमध्ये घड्याळ चालवणारी बॅटरी असते, ती कधीच संपलेली असणार. बदलता येते, पण तिची मजुरी भावातून वजा झाली पाहिजे.

परदेशातून आलेल्या सेटचं वेगळंच. आपल्या व्हीआरसीईतून, म्हणजे २००२ नंतरच्या व्हीएनआयटीतून, अमेरिकेत गेलेल्यांनी भाच्या-पुतण्यांसाठी आणलेले निन्टेन्डो आणि सेगा शहरात आहेत. ते ११० व्होल्टचे. सरळ आपल्या सॉकेटात लावले की अडॅप्टर जळतो. शिवाय ते एनटीएससी पद्धतीचे, आपल्या जुन्या पाल टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं. विकणाऱ्याला वाटतं सेट बिघडला, घेणारा ते वाटणं तसंच राहू देतो. उलट बाजूने, फॅमिकॉमच्या अडॅप्टरची पोलॅरिटी नेहमीच्या अडॅप्टरपेक्षा उलटी असते, आणि चुकीचा अडॅप्टर लावून मारलेला सेट ‘फक्त अडॅप्टर नाही’ म्हणून विकला जातो. मूळ अडॅप्टर सोबत आहे की नाही यावर माझ्या हिशेबात भाव बराच हलतो, आणि अमेरिकन तक्त्यात यासाठी जागा नाही, कारण तिथे ही अडचणच नाही.

बंदुकीचं तर तक्ता बघून काही कळायचंच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हा मेळ जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेला आहे. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात खेळ नेम चुकल्याचं ठरवतो. म्हणून नागपुरात त्या बंदुकीचा भाव ट्यूबच्या टीव्हीला बांधलेला आहे, आणि तो टीव्ही आज लोक फुकटही न्यायला तयार नाहीत. संग्राहकांनी टीव्हीही राखला पाहिजे. ज्याच्याकडे टीव्ही नाही त्याने बंदुकीचे पूर्ण पैसे देऊ नयेत, आणि विकणाऱ्यानेही त्याला ते आधीच सांगावं.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळं व्यक्तिसापेक्ष आहे, तक्ता निदान आकडा तरी देतो. आकडा हवाच, तो इथला हवा. मोदी नंबरच्या गल्ल्यांतले दुरुस्तीवाले, बर्डीचे जुने गेमवाले आणि आपण संग्राहक यांनी मिळून एक वही ठेवावी. त्यात मागितलेला भाव लिहायचा नाही, मोजलेले पैसे लिहायचे. ६० पिना की ७२, आत चिपा की काळा गोळा, चालतो का, अडॅप्टर आहे का, दुरुस्तीला किती लागले, कोणत्या महिन्यात घेतला. घेणाऱ्या-विकणाऱ्याची नावं नकोत. नाणी जमवणारे प्रत्येक नाण्याची स्थिती आणि किंमत लिहून ठेवतात, आपल्याला ते अवघड का जावं? पहिल्या वर्षी नोंदी थोड्या असतील. तरी त्या आपल्या गल्लीत झालेल्या व्यवहारांच्या असतील.

पहिली नोंद माझी घ्या. लिटल मास्टर सेट, ६० पिना, दोन रिमोट, एकाचं बी बटण अडकतं, बंदूक आहे, मूळ अडॅप्टर नाही, सोबतच्या तीन कॅसेटमध्ये काळा गोळा, त्यातली एक बंद. घरगुती विक्री, धरमपेठ, ऑक्टोबर. मोजले ९०० रुपये, त्याआधी अडॅप्टर आणि बटणाचा खर्च विकणाऱ्यांना सांगितला. त्यांनी हजार मागितले होते, ते वहीत लिहायचं नाही.